प्रॉप म्हणजे नुसतं वजन? पापारॅम्बोर्दकडे बघा

रग्बीत स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात आणि रेटतात ती झटापट) जिंकतो तो जाडजूड प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेतला कडेचा गडी, हा समज फार जुना. फ्रान्सचा रोबेर पापारॅम्बोर्द तो खोडून काढतो. १९७५ ते १९८३ या काळात तो ५५ कसोटी सामने खेळला, १९७७ आणि १९८१ च्या ग्रँड स्लॅम (युरोपातल्या पाच देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) संघांत होता. मूळचा ज्युदोवाला. त्याचं खरं हत्यार म्हणजे उतरते खांदे: समोरच्या प्रॉपला टेकायला जागाच सापडायची नाही.

तो ३ नंबरचा, म्हणजे टाइटहेड. १ नंबरच्या लूजहेडचं डोकं बाहेरून मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं मात्र समोरच्या लूजहेड आणि हुकर (दोन प्रॉपच्या मधला गडी) यांच्या मधे अडकतं, त्यामुळे दोन्ही खांद्यांवर भार. इथे पाठ सपाट हवी, गुडघे वाकलेले, आणि खांदे कंबरेच्या खाली जाता कामा नयेत. कंबर वर गेली की मागून येणारा रेटा जमिनीकडे वळतो आणि स्क्रम कोसळतो. मग वजन असलंच तर उलट नडतं.

हाताची पकडही तितकीच महत्त्वाची. टाइटहेडने उजव्या हाताने समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा कुशीला धरायची. बाही किंवा दंड धरून खाली ओढलं, की पेनल्टी ठरलेली.

आणि प्रॉपला पळता येत नाही म्हणता? या गड्याच्या नावावर फ्रान्ससाठी ८ ट्राय (समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) आहेत.