ज्याचे हात यंत्रात, त्याचंच कुलूप

दुरुस्तीसाठी थांबवलेलं यंत्र कुणी चुकून चालू करू नये, म्हणून त्याच्या स्विचला कुलूप आणि पाटी लावतात; या पद्धतीला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. तिची गरज जुनी आहे. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांत एका इंजिनावर सगळी यंत्रं फिरत. छताजवळून लांबलचक शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, जायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे एक पट्टा उतरायचा. एखादंच यंत्र थांबवायचं तर त्याचा पट्टा मोकळ्या, म्हणजे यंत्राला न फिरवणाऱ्या, पुलीवर सरकवत. वरचा शाफ्ट मात्र फिरतच राही. पट्टा घसरत घसरत परत घट्ट पुलीवर आला, की कोणी हात न लावताही यंत्र सुरू होई, आणि तेव्हा कुणाचा तरी हात आत असे. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने यंत्रांभोवती कठडे बंधनकारक केले आणि फिरत्या शाफ्ट-चाकांची सफाई मुलांकडून करून घ्यायला मनाई केली. थांबवलेलं यंत्र थांबलेलंच राहील, याची सोय मात्र त्यात नव्हती.

पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली आणि धोक्याची जागा बदलली. स्विच पॅनेलमध्ये, फिटर यंत्राच्या पोटात. एकाने बंद केलेला स्विच दुसरा सहज चालू करी. म्हणून कुणी फ्यूज काढून खिशात ठेवी, कुणी ‘काम चालू आहे’ अशी पाटी लटकवी. पाटी सांगते, पण हात धरत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचं मर्म इथेच आहे.

अमेरिकेत १९८२ साली लॉकआउट-टॅगआउटचं राष्ट्रीय मानक आलं. मग ‘ओशा’ या तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये नियम काढला आणि जानेवारी १९९० पासून तो लागू झाला. त्यामुळे वर्षाला सुमारे १२० मृत्यू आणि ५० हजार दुखापती टळतील, असा तिचा अंदाज होता. नियमाने विजेच्या पलीकडे पाहिलं. दाबलेली स्प्रिंग, सिलिंडरमधली हवा, वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरमधला चार्ज, वर अडकलेला प्रेसचा जड भाग, हे सगळं वीज तोडल्यावरही जीव घेऊ शकतं. म्हणून हवा सोडायची, वजन टेकू देऊन रोखायचं, आणि कुलूप लावल्यावर आजूबाजूला कुणी नाही हे पाहून स्टार्टचं बटण दाबून बघायचं. काहीच हललं नाही, तरच पाना उचलायचा.

चौघे काम करत असतील तर स्विचवरच्या एकाच हॅस्पमध्ये, म्हणजे अनेक कुलपं अडकवता येणाऱ्या कडीत, चार कुलपं लटकतात, प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. तिघांचं काम उरकलं तरी चौथ्याचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जात नाही. पाळी बदलताना येणारा आधी आपलं कुलूप अडकवतो, मगच जाणारा स्वतःचं काढतो.