चिलटांनी सुधारलेली पोर्शे

१९६९ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या सर्किटवर पोर्शेची ९१७ ही शर्यतीची गाडी फेऱ्यांवर फेऱ्या मारत होती आणि तिच्यावर कुणीच खूश नव्हतं. बारा सिलिंडरांचं साडेचार लिटरचं इंजिन, ५०० हून जास्त अश्वशक्ती, वजन ८०० किलोंच्या आसपास. कागदावर तिला तोड नव्हती. प्रत्यक्षात मात्र कंपनीचे ड्रायव्हर तिच्यापासून अंग चोरत. १ जूनला जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगला झालेल्या शर्यतीसाठी फ्रँक गार्डनर आणि डेव्हिड पायपर हे दोघे बाहेरून बोलवावे लागले. त्याच महिन्यात फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत स्वतःची ९१७ घेऊन उतरलेला जॉन वुल्फ पहिल्याच फेरीत अपघातात गेला. ऑगस्टमध्ये याच झेल्टवेगला तिने एक शर्यत जिंकलीही, पण सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी जागेवर राहत नाही ही तक्रार काही मिटली नव्हती.

गाडी दिसायला मात्र अप्रतिम होती. बसकं नाक, काचेवरून उतरत मागे निमुळती होत गेलेली लांब शेपटी. हा आकार हौसेने काढलेला नव्हता. ल माँच्या सर्किटमध्ये तेव्हा जवळजवळ सहा किलोमीटरचा सलग सरळ रस्ता होता, आणि तिथे जिंकायचं तर हवेचा रोध कमी हवा. हवा अंगावरून अलगद सरकावी आणि मागे भोवरे न करता सुटावी, म्हणून ती शेपटी.

घोटाळा इथेच आहे. वरून फुगीर, खालून सपाट अशा आकारावरून हवा वाहते तेव्हा वरच्या बाजूला तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. खालचा दाब तेवढा घटत नाही, त्यामुळे ती वस्तू वर उचलली जाते. कोकणात वादळात घरांवरचे पत्रे उडतात त्यात या वरच्या कमी दाबाचा मोठा हात असतो. शिवाय हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी १०० किलोमीटरला जे जाणवतही नाही ते ३०० ला नऊपट होतं. ३०० च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब दर चौरस मीटरला साधारण सव्वाचारशे किलो वजनाइतका भरतो. गाडीचा वरचा पृष्ठभाग काही चौरस मीटरांचा. त्यावर या दाबाचा थोडा अंश जरी उचलण्याच्या कामी लागला, तरी ८०० किलोंच्या गाडीची मागची चाकं रस्त्यावर नावापुरतीच टेकलेली राहतात. टायरची पकड त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असते. भार गेला की पकड गेली, मग स्टिअरिंग धरणारा कितीही मोठा ड्रायव्हर असो.

पोर्शेच्या लोकांचा संशय सस्पेन्शनवर, म्हणजे चाकांना धरणाऱ्या स्प्रिंगांच्या यंत्रणेवर होता. पुढच्या मोसमात गाड्या चालवायचं काम जॉन वायर यांच्या ब्रिटिश संघाकडे जाणार होतं, म्हणून त्यांची माणसंही झेल्टवेगला हजर होती. त्यांच्यातले इंजिनिअर जॉन हॉर्समन उभ्या गाडीभोवती फिरत असताना त्यांचं लक्ष चिलटांकडे गेलं. शरद ऋतूतली चिलटं गाडीच्या नाकावर, काचेवर चिरडून चिकटली होती. मागच्या शेपटीवरचे स्पॉयलर, म्हणजे हवा अडवून गाडी खाली दाबणाऱ्या पट्ट्या, मात्र जवळजवळ स्वच्छ! चिलट हवेबरोबर वाहतं. ते स्पॉयलरवर आपटत नसेल तर हवाही तिथे पोहोचत नाही, ती वरच्या वरच निघून जाते. ज्या भागाने मागची चाकं दाबून धरायची, तो भाग नुसता शोभेला उरला होता.

पवनबोगद्यात दोरे लावून किंवा धूर सोडून जे पाहतात, ते इथे किड्यांनी फुकटात दाखवलं. अभियांत्रिकीच्या इतिहासात नशिबाला बरंच श्रेय दिलं जातं. माझ्या मते इथे ते द्यायचं कारण नाही. गाडी सगळ्यांसमोरच उभी होती, किडेही सगळ्यांसमोर होते. पुढचं काम पत्र्याच्या दुकानात शोभेल असं झालं. ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, रिव्हेट मारून, चिकटपट्ट्या लावून तिथल्या तिथे शेपटी आखूड केली आणि मागून वर उचलली. ब्रायन रेडमन ती घेऊन बाहेर पडला आणि पहिल्यांदाच गाडी सांगितलेलं ऐकू लागली. हवेचा रोध वाढला होता, सरळ रस्त्यावरचा सर्वोच्च वेग थोडा घटणार होता. पण वळणांवर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता जाऊ शकत असेल, तर हा सौदा फायद्याचाच.

त्यातून उभी राहिली आखूड शेपटीची ९१७ के. १९७० साली हान्स हेर्मान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी तिच्यावर पोर्शेला ल माँचा पहिला, नुसत्या एखाद्या गटातला नव्हे तर एकूण शर्यतीतला विजय मिळवून दिला. गंमत म्हणजे ती गाडी साल्झबुर्गच्या संघाची होती. वायर यांच्या निळ्या-नारिंगी गाड्यांनी इतर शर्यती भरपूर जिंकल्या, पण ल माँ त्यांना ९१७ ने कधीच दिली नाही. १९७१ मध्येही जिंकली ती मार्टिनी संघाची ९१७ के. तिचा सांगाडा मॅग्नेशियमचा होता आणि तिने २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले. हा विक्रम २०१० पर्यंत टिकला. वजनाची काटकसर तर इतकी, की गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा लाकडाची. नळ्यांच्या सांगाड्यात गॅस भरून ठेवत आणि दाब उतरला की कुठे तडा गेला हे कळे.

त्याच वर्षी आलेली ९१७/२० ही रुंद, गुबगुबीत गाडी कमी रोध आणि चांगली पकड यांचा मेळ घालायला निघाली होती. ती इतकी बेढब दिसली की तिला गुलाबी रंग देऊन खाटकाच्या दुकानातल्यासारखे डुकराच्या मांसाचे भाग रेघांनी आखले. शर्यत तिने पूर्ण केली नाही, तरी आज हौशी माणसं जिंकलेल्या गाड्यांइतक्याच प्रेमाने तिच्यासमोर उभी राहतात. मीही राहीन.

हवेशी हिशेब एकदा चुकता केला म्हणजे संपतो असं नाही. १९९९ साली ल माँलाच मर्सिडीजची सीएलआर खरोखर उडाली. सरावाच्या काळात मार्क वेबरची गाडी दोनदा, मग शर्यतीत पीटर डम्ब्रेकची, तीही कठड्यावरून थेट झाडांत. दोघेही बचावले. इथे गाडीचं तळ हेच दुखणं होतं. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालताना नाकावरचा दाब घटे, रस्त्याच्या चढावर नाक जरासं उचललं जाई आणि लांब सपाट तळाखाली हवा शिरे. एकदा ती शिरली की अख्खं तळच पंख बनतं.

ल माँच्या प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांच्या पाठीवर पुढे नियमाने उभा पंख आला आणि चाकांच्या वर भोकं आली, ती अशा अपघातांपायीच. भोकांतून चाकांच्या खोबणीत कोंडलेली हवा निसटते. गाडी आडवी फिरली तर उभा पंख बाजूने येणारी हवा अडवतो, त्यामुळे ती हवा पाठीवरून वेगाने जाऊन गाडीला उचलू शकत नाही. रेखीव पाठीवर तो पंख मला आजही खुपतो.