माळरान म्हणजे पडीक जमीन? मुळीच नाही

दर पावसाळ्यात हा समज नव्याने फिरतो: माळ उजाड असतो, झाडं लावली की निसर्ग सुधारला. ब्रिटिश महसूल खात्याने, शेतसारा मिळत नाही म्हणून, अशा जमिनींवर ‘पडीक’ शिक्का मारला. तो अजून पुसलेला नाही. पण सोलापूर-नगरच्या कमी पावसात गवताळ माळ हीच मूळची परिसंस्था. कुसळी गवताच्या आडोशाला चंडोल जमिनीवरच अंडी घालतो. लांडगा, खोकड तिथेच पिल्लं वाढवतात. सोलापूरजवळच्या नान्नजचं, माळढोक या मोठ्या पक्ष्यासाठीचं अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकाला लांबवर मोकळी नजर लागते. लावलेल्या ग्लिरिसिडिया झाडांची दाटी झाली की तो तिथे थारत नाही. आणि झाडं कार्बन साठवतात, त्याचं काय? गवत तो मुळांत, मातीत साठवतं. वणवा लागला तरी बराचसा तिथेच राहतो. धनगरांची मेंढरं मग चरणार कुठे, हे रोपं वाटणारे क्वचितच विचारतात.