मेणबत्ती ऑक्सिजन ‘संपवते’ म्हणून पाणी वर चढते का?

समज असा: पाण्याच्या ताटलीत पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला की ऑक्सिजन संपतो, त्याची रिकामी जागा पाणी घेते, म्हणजे हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. हे व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरतात आणि विज्ञानाच्या तासालाही दाखवले जातात. पाणी खरोखर चढते, त्यामुळे स्पष्टीकरण पटणे स्वाभाविकच आहे.

पण ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. शिवाय मेण जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि वापरलेल्या ऑक्सिजनची बरीचशी जागा भरून काढतो. मुख्य कारण उष्णता. ज्योतीभोवतीची हवा प्रसरण पावते, ग्लास ठेवताना थोडी बाहेर निसटते (कडेने बुडबुडे दिसतात). विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

पडताळायला घड्याळ आणि पट्टी पुरते. पाणी झपाट्याने कधी चढते ते पाहा: ज्योत विझताना आणि त्यानंतर. मग तोच ग्लास, पण मेणबत्त्या तीन. ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढते! स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शिक्षणासाठी महागडे किटच हवे असे वाटणाऱ्या शिक्षकांनी हा तास जरूर घ्यावा. मुले इथे मोजतात, आलेख काढतात, वाद घालतात.

ऑक्सिजनच मोजायचा असेल, तर ओल्या परीक्षानळीत लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवा. गंजताना ऑक्सिजन वापरला जातो, वायू तयार होत नाही, आणि काही दिवसांत पाणी साधारण 21 टक्के उंचीपर्यंत येते.