कॅन्सरचा धोका: वंशावळीपासून जनुक तपासणीपर्यंत

कॅन्सरचा धोका तपासून घ्यायला गेलं की आधी नातेवाइकांची चौकशी होते. आईकडे कुणाला झाला होता, वडिलांकडे कुणाला, कितव्या वर्षी? रक्ताचा किंवा लाळेचा नमुना त्यानंतर. ही पद्धत पडण्यामागे मोठा इतिहास आहे.

फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरची नोंद प्रसिद्ध केली होती. पण मला जास्त मोलाची वाटते ती अमेरिकेतल्या मिशिगनमधली एक शिवणकाम करणारी बाई. आमच्या घरात बहुतेक जण आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच लवकर जाणार, असं तिने १८९५ मध्ये पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये छापली. बाईचा अंदाज खरा ठरला होता. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली.

अमेरिकन डॉक्टर हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशा घराण्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे याच घराण्याचाही. कॅन्सर आनुवंशिक असू शकतो हे तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं आणि संशोधनासाठी पैसे मागणारे त्यांचे अर्ज फेटाळले जात. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरच्या या आनुवंशिक धोक्याला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

स्तनाच्या कॅन्सरचं कोडं अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सोडवत आणलं. सगळी कुटुंबं एकत्र धरली की आकडेवारीत काहीच दिसेना. मग रोग कितव्या वर्षी झाला त्यानुसार कुटुंबं लावली, आणि तरुणपणी कॅन्सर झालेल्या घरांत १७ व्या गुणसूत्राकडे स्पष्ट बोट दाखवणारा पुरावा मिळाला. ‘कितव्या वर्षी?’ हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते इथे कळतं. ज्यातल्या दोषाने हा धोका वाढतो ते बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, बीआरसीए२ पुढच्याच वर्षी.

यानंतरचा अध्याय मात्र क्लेशदायक आहे. मिरियड जेनेटिक्स या कंपनीने या जनुकांवर पेटंट घेतली. अमेरिकेत बरीच वर्षं ही तपासणी जवळजवळ त्यांच्याकडेच होती आणि अनेक बायकांना ती परवडत नव्हती. अखेर १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निसर्गात आहे तसं जनुक पेटंटयोग्य नाही. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी तपासणी सुरू करत असल्याचं जाहीर केलं.

सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. त्यामुळे जनुकात दोष सापडला नाही म्हणून मॅमोग्राफीसारख्या नेहमीच्या तपासण्या सोडायच्या नसतात. कधी अहवालात ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असाही शेरा येतो. आजवरची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झाली असल्याने इतरांच्या अहवालात तो जास्त वेळा दिसतो. अशा शेऱ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. माहिती वाढेल तसा त्या बदलाचा अर्थ पुन्हा तपासला जातो.