सर्किट रायडर

अमेरिकेच्या सरहद्दीवरील नव्या वसाहतींतून घोड्यावर फिरणारा मेथडिस्ट, म्हणजे त्या नावाच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा, धर्मोपदेशक. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे पाऊणशे वर्षे केंटकी, टेनेसी, ओहायो, इलिनॉय या भागांत त्याचा वावर होता. ‘सर्किट’ म्हणजे त्याला नेमून दिलेली फेरी. ती साधारण 300 ते 800 किलोमीटरांची असे आणि पुरी व्हायला चार ते सहा आठवडे लागत. चर्चची इमारत क्वचितच. प्रवचन व्हायचे ते ओंडक्यांच्या घरात, न्यायालयाच्या खोलीत, नाहीतर झाडाखाली. घोड्यावरच्या पडशीत बायबल, स्तोत्रांचे पुस्तक, पंथाची नियमावली आणि विकायला आणलेली पुस्तके असत. पाऊस-वादळ असले की ‘आज बाहेर कावळे आणि मेथडिस्ट उपदेशक सोडून कोणी नाही’ असे लोक म्हणत.

फिरत्या उपदेशकांची पद्धत मूळची या पंथाचा संस्थापक, इंग्लंडातला जॉन वेस्ली, याची. 1784 च्या नाताळात बाल्टिमोर येथे अमेरिकेतील मेथडिस्टांनी स्वतंत्र चर्च स्थापन केले आणि फ्रान्सिस ॲस्बरी (1745–1816) यांनी ही पद्धत तिथे रुजवली. ते स्वतः अविवाहित राहिले आणि आयुष्यभर खोगिरावरच होते. उपदेशक पुढच्या वस्तीकडे गेला की मागे मंडळी सांभाळायचा तो ‘क्लास लीडर’, म्हणजे त्याच वस्तीतला एखादा शेतकरी किंवा कारागीर. उपदेशकाला एका सर्किटवर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, असा नियम 1804 मध्ये झाला. हेतू शिस्तीचा खरा, पण ज्याच्या गाठीशी मोजकीच प्रवचने होती त्याचीही यात सोय झाली असावी.

पगार हा या जीवनातला अवघड भाग. सुरुवातीला तो वर्षाला 64 डॉलर होता. 1800 मध्ये 80 आणि 1816 मध्ये 100 झाला. ठरलेली रक्कम पुरी हातात पडेलच असेही नव्हते. बरेचदा धान्य, कापड यांवर भागवावे लागे. त्यामुळे लग्न झाले की पुष्कळ जण फिरणे सोडून एका जागी स्थिरावत. याला पंथाच्या भाषेत ‘लोकेट’ होणे म्हणत. असा माणूस आठवडाभर शेती करी किंवा शाळा चालवी आणि रविवारी प्रवचन देई. सरहद्दीवरचा शिक्षक आणि उपदेशक पुष्कळदा एकच असे, त्याचे एक कारण हे.

त्या शाळाही गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालत. शेतीची कामे नसतील तेवढेच महिने त्या भरत. मुले मोठ्याने ओरडून पाठ म्हणत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची आठवण यावी असाच तो प्रकार. वार लावून जेवणारा विद्यार्थी मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिथे शिक्षकच आळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहून जेवायचा. अक्षरओळखीचे काम चर्चनेही अंगावर घेतले होते. गरीब मुलांना, मग ती गोरी असोत वा काळी, रविवारी सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 2 ते 6 शिकवावे, असे 1790 मध्येच ठरले होते.

या फिरत्या उपदेशकांतला सर्वांत गाजलेला माणूस पीटर कार्टराइट (1785–1872). शालेय शिक्षण जेमतेम, आवाज खणखणीत आणि दांडगाई करणाऱ्यांना धाक वाटावा असे शरीर. गुलामगिरीचा तिटकारा म्हणून त्याने 1824 मध्ये केंटकी सोडून इलिनॉय गाठले. तो राज्य विधिमंडळात दोनदा निवडून आला, पण 1846 मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) निवडणुकीत त्याला अब्राहम लिंकनने हरवले. लिंकन धर्म मानत नाही, असा प्रचार त्या वेळी झाला होता आणि लिंकनला पत्रक काढून खुलासा करावा लागला. दोन वर्षांपूर्वी, 1844 मध्ये, गुलामगिरीच्याच प्रश्नावर मेथडिस्ट चर्च उत्तर-दक्षिण असे दुभंगले होते.

मेथडिस्ट मिशनरी जेसन ली (1803–1845) याची कहाणी वेगळी. 1834 मध्ये तो पार पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉनला पोहोचला आणि विलॅमेट नदीकाठी मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी त्याने शाळा काढली. रोगराईत मुले दगावत गेली. 1838 मध्ये तो पूर्वेकडे निघाला असताना मागे त्याची पत्नी बाळंतपणात वारली. पुढे मिशनचे लक्ष गोऱ्या वसाहतकऱ्यांकडे वळले. त्यांच्या मुलांसाठी 1842 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून आजचे विलॅमेट विद्यापीठ उभे राहिले. ज्यांच्यासाठी तो आला होता त्यांच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. मिशनच्या वरिष्ठांनी त्याला पदावरून काढले, ती बातमी त्याला पुन्हा पूर्वेकडे निघाला असताना वाटेत होनोलुलूत कळली.

गावे वाढली, रेल्वे आली, उपदेशकाला कायमचे चर्च आणि घर मिळू लागले, तसा घोडा मागे पडला. याच परंपरेतला विल्यम टेलर (1821–1902) सोन्याच्या शोधाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात जुगाराच्या अड्ड्यांसमोर उभा राहून प्रवचने देत असे. 1871 मध्ये तो मुंबईत आला आणि परदेशी मिशनच्या पैशावर विसंबून न राहता, स्थानिक सभासदांच्या वर्गणीतून त्याने इथे मेथडिस्ट मंडळी उभी केली.