चाल-विश्लेषण, चित्रफितीवरील

चाल-विश्लेषण, चित्रफितीवरील : रुग्णाला ठरावीक अंतर चालायला लावून त्याचे चित्रीकरण करणे आणि ती चित्रफीत संथ गतीने, प्रसंगी एकेक फ्रेम थांबवून पाहत मज्जासंस्था, स्नायू किंवा सांधे यांतील बिघाडाचा माग घेणे, अशी निदानाला साहाय्य करणारी पद्धती. एकच लंगड खुब्याच्या दुखण्याने, स्नायूच्या दुर्बलतेने किंवा आखूड पायाने येऊ शकते. म्हणून एकट्या चित्रफितीवरून निदान करीत नाहीत.

उगमाबद्दल एकमत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणी खंज (लंगडा), पंगू (पांगळा) व कलायखंज यांचे वर्णन येते. कलायखंजाचा रोगी चालू लागताना कापतो आणि लंगडत जातो, असे तेथे म्हटले आहे. (संहितेचा काळ इसवी सनाच्या अलीकडे-पलीकडे काही शतके सरकवला जातो.) लाख या कडधान्याची डाळ सतत खाल्ल्याने येणाऱ्या पांगळेपणाशी काही अभ्यासक त्याचे नाते जोडतात. ते पटण्यासारखे आहे. पण चालीला नाव देणे वेगळे आणि चाल मोजणे वेगळे, त्यामुळे प्रस्तुत पद्धतीचा आरंभ तेथे धरणे ताणल्यासारखे होते. यूरोपात वेबर बंधू या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३६ मध्ये चालीचे यांत्रिक विवेचन केले. उचललेला पाय लंबकासारखा आपोआप झुलतो, हे त्यांचे मत फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ द्यूशेन यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचे दाखले देऊन खोडले.

खरा वाद छायाचित्रणापासून सुरू होतो. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांपुढून माणसे व जनावरे चालवली. त्यांत मज्जाविकारतज्ज्ञ फ्रान्सिस डर्कम यांचे रुग्णही होते. त्यामुळे काही लेखक पहिला मान या जोडीला देतात. मात्र ती सुट्या क्षणचित्रांची मालिका होती. बुखारेस्टचे मज्जाविकारतज्ज्ञ गेओर्गे मारिनेस्कू यांनी १८९८ पासून रुग्णांच्या चालीचे सलग चित्रपट घेतले आणि फ्रेमवरून अवयवांच्या बाह्यरेषा काढून त्यांची तुलना केली. आजच्या पद्धतीचे जनकत्व त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्राउने व फिशर या जर्मन शास्त्रज्ञांनी एका व्यक्तीच्या अंगाला विजेच्या नळ्या बांधून केलेले त्रिमितीय मोजमाप याच दशकातले. त्यांची आकडेमोड १९०४ पर्यंत प्रसिद्ध होत राहिली.

एका टाचेच्या टेकण्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चालचक्र होते. निरोगी प्रौढात ते साधारण एका सेकंदात पुरे होते. त्यातील सुमारे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असते व ४० टक्के वेळ ते हवेतून पुढे जाते. दोन्ही पाय टेकलेले असण्याचा काळ चक्रात दोनदा, प्रत्येकी सुमारे १० टक्के येतो. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या साध्या मोबाइलवर हा दुपायी आधाराचा टप्पा जेमतेम तीन फ्रेममध्ये संपतो, आणि एक फ्रेम चुकली की त्याचे मोजमाप तृतीयांशाने बिघडते. म्हणून ६० किंवा १२० फ्रेमचा वेग बरा. कॅमेरा तिवईवर, कमरेच्या उंचीवर आणि चालण्याच्या रेषेला काटकोनात ठेवतात. तिरक्या कॅमेऱ्यात गुडघ्याचा कोन खोटा दिसतो. बाजूने, समोरून व मागून अशा फेऱ्या घेतात, सुरुवातीची व शेवटची पावले मोजणीतून वगळतात. सांधे आपोआप ओळखणाऱ्या संगणक प्रणाली २०१७ नंतर सहज मिळू लागल्या. ढगळ कपड्यांत त्या चकतात.

पार्किन्सनच्या विकारात एका हाताचा झोका लवकर कमी होतो व वळताना बारीक पावलांची संख्या वाढते. मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साचण्याच्या एका विकारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्यात कमरेपाशी पाठीच्या कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून आधीची आणि नंतरची चाल शेजारी शेजारी लावून पाहतात, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय बऱ्याच अंशी त्या फरकावर ठरतो. मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांतही शस्त्रक्रियेपूर्वी चित्रण करतात. पोलिओनंतरची, हाताने मांडी दाबत टाकलेली चाल आता फक्त जुन्या रुग्णांत आढळते.

नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांच्या भौतिकोपचार अभ्यासक्रमात चालीचे निरीक्षण हा विषय आहे. शहरात २०१५ च्या सिंहस्थात पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी, ‘आशिओतो’ नावाची चटई वापरली गेली. ती नाशिकच्याच एका शाळकरी मुलाच्या कल्पनेतून आली होती. मात्र तिचा निदानाशी संबंध नाही.

स्थानिक अडचणी पद्धतीच्या पुस्तकांत येत नाहीत. नऊवारीत काय, पाचवारीत काय, गुडघा दिसत नाही. साडी वर खोचायला सांगितले की बाई संकोचून पावले आखडती घेतात आणि नेमके तेच विकाराचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. सैल चपलेने पाऊल फरफटते, त्यामुळे अनवाणी व चपलेसह अशा दोन्ही फेऱ्या घ्याव्यात. पंचवटी व जुन्या नाशकातील वाड्यांच्या उंच उंबऱ्यापाशी पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय खिळतात. दवाखान्याच्या मोकळ्या फरशीवर मात्र तो सरळ चालून दाखवतो. अशा वेळी ‘पाय ओढतोय’ म्हणणाऱ्या घरच्यांनी आणलेली मोबाइलवरील फीत अधिक उपयोगी ठरते. रामकुंडाच्या पायऱ्या किंवा सप्तशृंगगडाची चढण उतरताना दिसणारी लंगड सपाट दहा मीटरच्या पट्ट्यावर सापडेलच असे नाही. जिना उतरतानाचे चित्रण म्हणून वेगळे घ्यावे लागते.